खताच्या गाळ्यातलं फ्रेंच जेवण

माजलगावात फ्रेंच जेवण मिळतं, असं मी पुण्यातल्या मैत्रिणीला फोनवर सांगितलं तर ती हसतच सुटली. मी फोन ठेवून दिला. हसण्यासारखं काय होतं त्यात, मला अजून कळलेलं नाही. इथल्या लोकांना जिभा नाहीत की काय? पण खरं सांगायचं तर हे जेवण करणारा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, त्यामुळे या बाबतीत माझं डोकं जरा लवकर तापतं.

त्याचं हॉटेल म्हणजे दोन जोडलेले गाळे. आधी तिथं खत-बियाण्याचं दुकान होतं. धाकट्यानं भिंती घासल्या, दोनदा चुना दिला, फरशी धुऊन धुऊन पांढरी केली, तरी पावसाळ्यात दमट हवा पडली की युरियाचा हलका वास कोपऱ्यातून येतोच. टेबलं मोजकीच, त्यावर निळ्या चौकटीचं कापड. स्वयंपाकघर आणि बाहेरची जागा यांच्यामध्ये भिंतीला एक मोठी खिडकी पाडलेली, तिथून तो गिऱ्हाइकाकडं बघतो आणि गिऱ्हाईक त्याच्याकडं. दाराशी काळा फळा. आज काय आहे ते तो त्यावर खडूनं मराठीत लिहितो: कांद्याचं सूप, रश्शातलं मटण, वांगी-टोमॅटोची भाजी, लांबडा पाव, शेवटी कॅरेमलचं गोड. पाटीवर ‘बिस्त्रो’ लिहिलंय, पण गाव त्याला ‘फ्रेंच हॉटेल’ म्हणतं. बिस्त्रो म्हणजे काय, हे मी त्याला एकदा विचारलं होतं. म्हणाला, “गल्लीतलं हॉटेल गं. साधं. लोक रोज येतात, गप्पा मारतात, जेवतात नि जातात. खानावळच, फक्त फ्रान्समधली.”

तो हे सगळं पुण्यात शिकला. शेतकीची पदविका अर्धवट सोडून गेला आणि एका फ्रेंच हॉटेलात लागला. आधी भांडी घासली, मग कांदे चिरले, मग हळूहळू चुलीपर्यंत पोचला. फ्रान्सला तो कधी गेला नाही. त्याचा उस्ताद तिकडं राहून आलेला होता, आणि या उस्तादाबद्दल धाकटा असा बोलतो की मला थोडी असूयाच वाटते.

आमच्या आबांना, म्हणजे वडिलांना, यातलं फक्त ‘भांडी घासली’ एवढंच ऐकू आलं होतं.

तेलगावच्या अलीकडं आमचं गाव. धरणाच्या कालव्याचं पाणी रानात आलेलं, त्यामुळे ऊस. आबांचा शब्द गावात चालतो, निवडणुकीच्या आधी दोन्ही बाजूंची माणसं ओट्यावर चहा पिऊन जातात. अशा माणसाचा एकुलता एक मुलगा दुसऱ्याच्या हॉटेलात खरकटं काढतो, हे त्यांच्या फार जिव्हारी लागलं. कुणी विचारलं की सांगायचे, “पुन्याला असतो.” काय करतो, हे सांगायचे नाहीत. तो परत आला, हॉटेल काढलं, तेव्हा त्यांनी एकदाच तोंड उघडलं. “आचाऱ्याच्या हातचं मी लग्नात खातो. पोराच्या दारात गिऱ्हाईक म्हून जायाचा न्हाई मी.”

आणि नाहीच गेले. दोन दिवाळ्या उलटल्या. माजलगावात बाजाराला यायचे, माझ्या घरी चहा घ्यायचे, मी शाळेत शिकवायला गेलेली असले तर माझ्या नवऱ्याशी उसाच्या गप्पा मारायचे, आणि हॉटेलाचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्यानं परत जायचे. आई त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही असं ती स्वतः सांगते. प्रत्यक्षात धाकट्याच्या हातचं सगळं ती माझ्या घरी डब्यातून चाखून बसलेली होती. ती फ्रेंच वांग्याची भाजी खाऊन तिनं निकाल दिला, “भरीतच हाय की. पर वांगं भाजायचंच इसरलाय.”

आबांचं जेवणाचं एक आहे, ते इथंच सांगून टाकते. आमच्या घरात आई कधी मागून जेवली नाही. भावकीतल्या सगळ्या घरांत बायका पुरुषांच्या नंतर बसतात, आमच्याकडं नाही. आबा ताटावर बसले की आधी स्वयंपाकघराकडं बघून हाक मारणार, “झालं का? ये की.” आई तवा उतरवून, हात पुसून, आपलं ताट घेऊन समोर बसली की मगच ते भाकरी मोडणार. रानातही तेच. ऊस तोडायला आलेल्या टोळीला शेवटची गाडी भरून गेली की ते बांधावर जेवण घालत, आणि भाकरी थापणारी बाई चुलीपासून उठून बसल्याशिवाय स्वतः घास घेत नसत. टोळीतली माणसं अवघडून जात. त्यांच्या आईनं जन्मभर सगळ्यांच्या मागून खाल्लं, आणि मागून म्हणजे जे उरेल ते. एवढंच त्यांनी एकदा सांगितलं होतं, पुढं नाही. लग्नात, ढाब्यावर, सभेच्या जेवणात मात्र पान पुढ्यात आलं की ते सरळ सुरू करत. तो नियम घरचा आणि रानचा.

धाकट्याचाही एक नियम आहे, तो त्याच्या उस्तादाचा. एका वेळी एकच पदार्थ. आधी सूप. ते संपलं, वाटी उचलली, की पुढचं. सगळं एकदम ताटात येणार नाही. सुरुवातीला यावरून इथं रोज वाद. आपल्याकडं ताट कसं, मीठ, लोणचं, कोशिंबीर, भाजी, भाकरी सगळं वाढून होतं, मग माणूस हात घालतो. इथं लोक सूप समोर ठेवून बसायचे, की बाकीचं येईल मग खाऊ. आणि धाकटा आत बसायचा, की हे खाऊन होईल मग पुढचं पाठवू. एकदा ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांची पार्टी अशीच अर्धा तास ताटकळली आणि शेवटी भांडून शेजारच्या ढाब्यावर गेली. मी त्याला म्हटलं, “दे ना बाबा सगळं एकदम, तुझं काय जातंय?” तर म्हणाला, “अक्का, सूप गार झालं की त्याची चव जाते. मग मी ते केलंच कशाला?” हट्टी आहे. हा हट्ट त्याला कुणाकडून आला, हे सांगायची गरज नाही.

हळूहळू लोक शिकले. शिक्षक यायला लागले, बँकेतली माणसं, कारखान्याचे इंजिनिअर, मग गावाकडचीही. त्यानं मटणात फ्रेंच रीतीची दारू घालण्याऐवजी चिंचेचं पाणी नि गुळाचा खडा घातला, उस्तादाला फोन करून रीतसर परवानगी घेऊन. तरी गावात उठायचं ते उठलंच, की हा मटण दारूत शिजवतो. आबांच्या कानावर तेही गेलं.

यंदा श्रावण संपला त्या सुमारास धाकटा माझ्याकडं आला आणि चहा न पिता बसून राहिला. पुण्याहून उस्तादाचा निरोप होता, नवीन हॉटेल काढतोय, मुख्य स्वयंपाकी म्हणून ये. मी म्हटलं, “मग? इथलं चांगलं चाललंय की.”

“चाललंय,” तो म्हणाला. “पर मी कावून आलतो इथं, अक्का? पुण्यात काय कमी होतं? मला आबाला दाखवायचं होतं मी काय करतो ते. सगळा तालुका जेवून गेला. ज्याच्यासाठी आलो ते म्हातारं लांबच्या रस्त्यानं जातंय. दसऱ्यापर्यंत बघतो. न्हाई आले, तर गाळा सोडतो.”

मला त्याचा राग आला, आबांचा त्याहून जास्त आला. एकाच घरात दोन दगड जन्माला घालून आई निवांत तुळशीला पाणी घालते, तिचाही आला.

आबांना हॉटेलात आणलं ते माजी सरपंचकाकांनी. हे आबांचे लहानपणापासूनचे दोस्त, दोघांचं राजकारणात पटत नाही आणि एकमेकांवाचून करमतही नाही. काका नातवाच्या हट्टानं तिथं जेवून आले होते. पारावर चारचौघांत म्हणाले, “तुझ्या पोरानं मटन असं केलतं की हाड हातात आलं नि मांस ताटातच राह्यलं. तू कावून जात न्हाईस बे? समद्या तालुक्यानं खाल्लं, बापानंच खाल्लं न्हाई. लोक इचारतेत मला.” लोक विचारतात म्हटलं की आबा हलतात, हे काकांना पक्कं ठाऊक.

बुधवारी दुपारी ते आले. पांढरंशुभ्र धोतर, कडक इस्त्रीचा सदरा, टोपी. जणू तहसीलदाराकडं निघालेत. आई नव्या लुगड्यात. काका, मी आणि माझा नवरा. धाकट्यानं दुपारी दुसरं कुणी घेतलंच नव्हतं, दोन टेबलं जोडून ठेवली होती. तो बाहेर आला, आबांच्या आणि आईच्या पाया पडला, “बसा” म्हणाला आणि लगेच आत गेला. कान लाल झाले होते त्याचे. आबा चहूकडं बघत होते. फळा त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग नाकानं हवा ओढून म्हणाले, “युरियाचा वास येतोय.” तेवढंच.

मी त्यांना आधीच बजावून ठेवलं होतं, इथं एकेक पदार्थ येतो, तो संपवला की पुढचा. “कळलं,” म्हणाले होते.

सूप आलं. मातीच्या खोलगट वाट्या, वर पावाचा भाजलेला तुकडा आणि त्यावर चीज, कडेनं बुडबुडे. कांदा तासभर मंद परतल्यावर त्याला जो गोडसर वास येतो, त्यानं खोली भरून गेली. युरिया पार विरला. काकांनी चमचा उचलला, आबांकडं पाहिलं आणि परत ठेवला. आबांनी सुरू केल्याशिवाय त्यांच्या पंगतीत कुणी सुरू करत नाही. आबांचे दोन्ही हात मांडीवर.

“आबा, करा सुरू,” मी म्हटलं.

“होऊ दे.”

“सगळं एकदम येत नसतंय इथं. हे खाल्लं की पुढचं येतंय.”

“होऊ दे म्हनलं ना.”

मी आईकडं बघितलं, आई टेबलावरच्या कापडाचा पोत बघत होती. माझ्या नवऱ्यानं उसाच्या भावाचा विषय काढला, आबांनी एका शब्दात उत्तर दिलं. वाटीतले बुडबुडे बसले. चीज निवून कातड्यासारखं व्हायला लागलं. आणि खिडकीतून धाकटा बघत होता. मला त्याच्याकडं बघवेना.

मी उठून आत गेले. तो ओट्याला टेकून उभा, हातात फडकं.

“न्हाई खायाचे ते,” तो म्हणाला. “मला माहीत होतं. लोकांनी बोलू नये म्हून आलेत. बसतील, उठतील नि जातील. पानाला हात लावायचे न्हाईत.”

“तसं नसंल रे.”

“मग कसं? बघ ना. ढाब्यावर बसले की त्यांना धीर धरवत न्हाई. कांदा येऊस्तर अर्धी भाकरी संपवतेत. आन इथं हात मांडीवर.”

हे खरं होतं. आबा इतके कठोर होतील असं मला वाटलं नव्हतं, आणि खरंच तसे असतील तर यापुढं माझ्या घरचा चहा त्यांना मिळणार नाही, असंही मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

धाकट्यानं फडकं आपटलं आणि पातेल्याची झाकणं काढायला लागला. मटण वाढलं. वांग्याची भाजी वाढली. पाव कापला. कॅरेमलचं गोड फ्रिजमधून काढलं, ज्याला तो जेवण संपल्याशिवाय कुणाला हातही लावू देत नाही. मी म्हटलं, “अरे, एकदम?” तर म्हणाला, “धर. ने.” उस्तादाचा नियम त्यानं माझ्या डोळ्यांदेखत मोडला. आम्ही दोघांनी मिळून सगळं बाहेर आणून मांडलं. टेबलावर बोट ठेवायला जागा उरली नाही. फ्रेंच जेवणाचं त्यानं आपलं ताट करून टाकलं होतं. एक मीठ-लोणचं तेवढं नव्हतं.

तो हात पाठीमागं बांधून आबांच्या समोर उभा राहिला. आवाज जरा चढाच होता. “आबा, समदं आलं. आता काई राह्यलं न्हाई. जेवा.”

आबांनी सगळ्या पदार्थांवरून नजर फिरवली, सावकाश, रान बघतात तशी. मग म्हणाले, “राह्यलं की.”

“काय राह्यलं?”

“तुझं ताट कुठंय?”

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, “मी नंतर जेवतो. आचारी गिऱ्हाइकासंगं बसत नसतो, आबा.”

“गिऱ्हाईक कोन हाय इथं?” आबा म्हणाले.

मला तिथंच रडू आलं. मी काही ते लपवलं नाही, काकांनी मला आपला रुमाल दिला आणि तो तंबाखूच्या वासाचा होता. इतका वेळ मी काय बघत होते? जन्मभर रोज दोन वेळा जी गोष्ट बघितली, तीच मला ओळखू आली नाही, कारण ती निळ्या चौकटीच्या कापडावर, गाळ्यात, खुर्चीवर बसून चालली होती. ढाब्यावर आबा कुणासाठी थांबत नाहीत, लग्नातल्या आचाऱ्यासाठी थांबत नाहीत. आईला मात्र पहिल्यापासून कळलं होतं. मी तिला नंतर खडसावून विचारलं, तू बोलली का नाहीस, तर म्हणाली, “मी कशाला बोलू? कुनी इचारलं का मला?”

धाकटा तसाच उभा होता. आबांनीच आवाज दिला, “कावून बघतोस तसा? बस की बे. भूक लागलीय मला.”

खुर्ची उरली नव्हती. असती तरी आणायचं भान त्याला नव्हतं. माझ्या नवऱ्यानं आतून तेलाचा रिकामा डबा आणला, पालथा घातला. धाकट्यानं एप्रन काढला, त्याची घडी केली, ती कुठं ठेवावी कळेना म्हणून मांडीवरच ठेवली आणि डब्यावर बसला. आईनं त्याच्यापुढं ताटली सरकवली. तिनं त्याला वाढलं, त्याचंच रांधलेलं.

मग आबांनी पाव मोडला. भाकरी मोडतात तसा, दोन्ही हातांनी. चमच्याकडं त्यांनी बघितलंही नाही, तुकडा थेट सुपात बुडवला आणि खाल्ला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो, आणि ते चांगले सावकाश चावत होते. मी म्हटलं ना, दगड.

“कांदाच हाय व्हय नुसता?” त्यांनी विचारलं.

“कांदाच. परतायचा तेवढा. तासभर.”

“तासभर?” त्यांनी आईकडं बघितलं. “ऐकलं का?”

“तासभर कांदा परतत बसले असते तर तुमची रानातली भाकरी कुनी नेली असती?” आई म्हणाली.

काका ठसका लागेपर्यंत हसले. त्यानंतर जेवण नीट सुरू झालं. कुणी गोड आधी खाल्लं, कुणी मटणाच्या रश्शात वांग्याची भाजी कालवली. काकांनी पाव कुस्करून त्यावर मटणाचा रस्सा ओतला आणि पुण्यातला तो उस्ताद हे बघत असता तर खाली बसला असता. धाकटा स्वतः फारसं जेवला नाही, आबांच्या वाटीकडंच बघत होता. वाटी रिकामी झाली. आबांनी पावाच्या शेवटच्या तुकड्यानं ती पुसूनही घेतली. मग मटणाकडं वळले आणि हाड हातात घेऊन त्याकडं जरा वेळ बघत राहिले.

“दारू घालतोस म्हनं ह्यात.”

“चिंच हाय, आबा. नि गूळ.”

“कुनाचा?”

“आपल्याच गावच्या गुऱ्हाळातला.”

“मग ठीक हाय,” म्हणाले, आणि परत वाढून घेतलं. आमच्या घरात चांगलं झालंय असं कुणी कधी बोलत नाही. परत वाढून घेतात.

निघताना ते दाराशी थांबले. जोडे घालताना त्यांना वेळ लागतो, गुडघे धरलेत. धाकटा खाली वाकून टाच सरळ करून देत होता. माझ्या मनात एकच घोळत होतं, दसरा आणि पुण्याचा निरोप. आता कुणीतरी काहीतरी विचारावं, सांगावं, असं मला झालं होतं. पण या दोघांकडून कसली अपेक्षा करणार?

आबांनी टोपी नीट केली आणि फळ्याकडं बघत विचारलं, “ऐतवारी बंद असतंय का हे?”

“न्हाई. उघडं असतंय.”

“मग ऐतवारी येतो. पर तुझं ताट आदीच मांडून ठिव.” आबा पायरी उतरले. “सूप पार गार झालतं.”